मागच्या वर्षी पण बेरीज-वजाबाकी, या वर्षी पण तेच! एका सत्रात मुलं नक्की शिकतात तरी काय?

तिसरीवालीची आई:

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी होईल, सांभाळून घ्या.

मुलगी तिसरीत आहे. सत्र सुरू झालं तेव्हा शाळेकडून एक पान आलं होतं, कुठल्या विषयात काय काय होणार त्याचं. मी ते कपाटाच्या दाराला चिकटवलं आणि नेहमीप्रमाणे विसरून गेले. काल वह्या आवरताना मागच्या वर्षीचं पान सापडलं म्हणून सहज दोन्ही शेजारी धरून बघितली तर काय, जवळजवळ तेच!! गणितात संख्याज्ञान, बेरीज-वजाबाकी, मापन, आकार. परिसर अभ्यासात वनस्पती, पाणी, नकाशा, 'काल आणि आज'. भाषेत श्रवण, भाषण, वाचन, लेखन (हे चार शब्द तर पहिलीपासून आहेत, फक्त फॉन्ट बदलतो). चित्रकला, खेळ, संगीत यांच्यासमोर नुसतं 'आनंददायी उपक्रम'.

मग वह्या चाळल्या. परिसरच्या वहीत अख्ख्या सत्रात अकरा पानं भरलीत, त्यातल्या दोनांवर नुसती चित्रं. आणि गणितात ५२ − ३८ = २६. अशा ओळीने पाच. अहो दुसरीत हिला वजाबाकी येत होती, सगळी बरोबरची खूण होती, मग ती गेली कुठे? विसरली? की शिकवलंच नाही नीट? 'आज काय शिकलीस' विचारलं की उत्तर ठरलेलं, 'काही नाही'.

तर माझे दोन प्रश्न. एक, खरंच दरवर्षी तेच ते शिकवतात का? दोन, मूल शिकतंय की नाही हे घरी बसून आपल्याला कळायचं कसं, चाचणीचे मार्क सोडून? नवरा म्हणतो पाढे पाठ करून घे, बाकीचं आपोआप होतं. मला नाही पटत पण उत्तर पण नाही माझ्याकडे.

शेवटचा बाक:

'काही नाही' हे उत्तर मी पण बारावीपर्यंत दिलंय ताई, आणि ते खरं होतं 😄 चला मी बसतो, जाणकार येतीलच.

खडू-डस्टर:

१९ वर्षं प्राथमिकला शिकवतेय, त्यातली बरीचशी तिसरी-चौथीला, म्हणून बोलते.

ताई, पान तेच दिसतं कारण पानावर धड्याचं नाव असतं, पायरी नसते. आमच्या टाचणात (म्हणजे कुठल्या तासाला काय, कसं घ्यायचं ते आम्ही आधी लिहून ठेवतो त्यात) पायरी असते पण ते टाचण पालकांना कोणी पाठवत नाही (आणि पाठवलं तर तुम्ही वाचणार पण नाही, आम्हालाच वाचवत नाही). तुमच्या त्या ५२ − ३८ वरूनच सांगते, कारण इतकी छान चूक आहे ती.

तुमची मुलगी वजाबाकी विसरलेली नाही. दुसरीत पहिल्यांदा येतात त्या वजाबाक्या ५८ − ३२ अशा, म्हणजे वरचा आकडा दोन्ही घरांत मोठा. त्यावरून पोरं स्वतःच एक नियम बनवतात, 'मोठ्यातून लहान काढायचा'. कोणी शिकवलेला नसतो पण तो चालतो! दरवेळी उत्तर बरोबर येतं, खूण मिळते, नियम पक्का. आता तिसरीत २ च्या खाली ८ आला. ती काय करते? तिचाच नियम लावते, आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन, २६. एकदम शिस्तीत चुकलीये. बघा करून, ६१ − २७ द्या तिला, उत्तर ४६ आलं तर समजा हेच आहे.

म्हणजे पानावर 'वजाबाकी' लिहिलंय पण या सत्राला शिकायचं वजाबाकी नाहीच आहे, शिकायचंय हे की ५२ म्हणजे ५ दशक २ एकक, आणि तेच ५२ म्हणजे ४ दशक १२ एकक सुद्धा. संख्या तीच, मांडणी वेगळी. एकदा हे डोक्यात बसलं की हातचा हे जादूचं काही राहत नाही. घरी काड्या असतील तर दहा-दहाचे गठ्ठे करा रबर लावून, पाच गठ्ठे दोन सुट्ट्या, आणि म्हणा यातल्या ३८ मला दे. आठ सुट्ट्या द्यायला तिच्याकडे नाहीत, ती स्वतःच गठ्ठा सोडेल. सोडेपर्यंत गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड काम.

आणि मराठीत शिकणाऱ्या पोरांना एक जादा भानगड आहे जी मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. आपण 'एकवीस' म्हणतो तेव्हा एक आधी आणि वीस नंतर, लिहिताना मात्र २ आधी. आणि 'एकोणचाळीस' तर अजूनच, कानाला चाळीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात ३९. पोरगं ४९ लिहून मोकळं होतं. तिसरीतली मुलंसुद्धा इथे घसरतात, ते गणित कच्चं म्हणून नाही, नावामुळे.

बाकी विषयांचं रात्री लिहिते, आत्ता वह्यांचा ढीग पडलाय.

जुनं खोड:

एवढं काड्या-गठ्ठे करत बसायला कोणाला वेळ आहे. आमच्या वेळी पाढे घोकून घेतले, कविता पाठ करून घेतल्या, शुद्धलेखन रोज दहा ओळी, आणि आम्ही काही वाया गेलो नाही. हल्ली सगळं 'समजून घेणं' आणि 'उपक्रम'. समजतं सगळं, येत काही नाही. तुमचे मिस्टर बरोबर बोलतायत.

प्रयोगवाला:

@तिसरीवालीची आई, परिसरच्या वहीची अकरा पानं बघून घाबरू नका, माझ्या मते ती वही जितकी कमी भरलेली तितकं बरं, अर्थात वर्गात दुसरं काही होत असेल तर. मी शाळेत नाही, पण शनिवारी मुलांचे विज्ञानाचे प्रयोग घेतो, सात ते दहा वयाची, त्यामुळे 'वनस्पती' या एका शब्दाखाली काय काय दडलेलं असतं ते रोज बघतो.

पहिली-दुसरीत वनस्पती म्हणजे नावं. मूळ, खोड, पान, फूल. तिसरीच्या आसपास प्रश्न बदलतो, झाडाला जगायला काय लागतं? इथे दोन कुंड्यांचा प्रयोग असतो, घेवड्याच्या बिया दोन्हीत, दोन्हीला सारखं पाणी, एक उजेडात आणि एक बंद कपाटात. करण्याआधी मुलांना अंदाज लिहायला लावतो, जवळजवळ सगळे लिहितात की कपाटातलं उगवणारच नाही. आणि आठवड्याने कपाट उघडतो तर ते उगवलेलं असतं, नुसतं उगवलेलं नाही तर उजेडातल्यापेक्षा उंच!! पिवळट, लुळं, पण उंच. तेव्हा वर्गात जो गोंधळ होतो ना तो खरा धडा. बी उगवायला उजेड लागत नाही कारण बियाच्या पोटात शिदोरी असते, ती संपली की मग उजेड लागतो. उंच का तर उजेड शोधत ते वरवर धावतं. हे वहीत चार ओळी होतं फक्त.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे शिकणं. सुरुवातीला मुलं काय करतात, एक कुंडी बाहेर ठेवतात, तिला पाणी जास्त घालतात, मातीही वेगळी घेतात आणि मग म्हणतात उन्हामुळे वाढलं. कशावरून उन्हामुळे? हा 'कशावरून' एका सत्रात तोंडात बसला तर मी खूश.

पुढच्या वर्गात त्याच वनस्पती परत येतात आणि प्रश्न होतो, झाड एवढं मोठं होतं ते आलं कुठून? मुलांचं ठाम मत, माती खाऊन. याच्यावर एक जुनी गोष्ट सांगतो मी. व्हॅन हेल्माँट म्हणून एकाने एका मोठ्या कुंडीत मोजून साधारण ९० किलो कोरडी माती घेतली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं ७६-७७ किलोचं आणि माती कमी झाली किती, तर साठ ग्रॅमही नाही. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. हे छापून आलं १६४८ मध्ये, त्याच्या मरणानंतर. मजा अशी की तो अर्धाच बरोबर होता, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशोबात नव्हता. मुलांना हे फार आवडतं, की मोठा माणूस इतकं नीट मोजूनही चुकला.

तर धडा तोच 'वनस्पती', पण नाव सांगणं, गरज तपासणं, आणि 'कशापासून बनतं' हे तीन वेगळे मजले आहेत. पाण्याचंही तसंच. आधी पाण्याचे उपयोग, मग एक दिवस ताटलीतलं पाणी गेलं कुठे. सारखंच पाणी एका पसरट ताटलीत आणि एका उंच ग्लासात ठेवा, ताटली आधी सुकते. एकाने मला सांगितलेलं, ताटली जास्त पिते काका.

खडू-डस्टर:

आले परत. प्रयोगवाला, 'ताटली जास्त पिते' 😂 हे मी उद्या स्टाफरूममध्ये सांगणार.

मजले म्हणालात ते अगदी बरोबर. जेरोम ब्रूनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० साली हीच कल्पना मांडली, तोच विषय परत परत यावा पण दरवेळी जरा वरून, गोल जिन्यासारखा. आमच्या डीएडला हे एका ओळीत होतं, पाठ केलं आणि सोडून दिलं, कळलं वर्गात उभी राहिल्यावर.

आता @जुनं खोड, काका तुमच्याशी भांडण नाही, पाढे पाठ हवेतच. ज्याला ७ × ८ साठी बोटं मोजावी लागतात त्याचं भागाकारात सगळं लक्ष तिथेच खर्च होतं, मग पुढची पायरी विसरतो. फक्त घोकताना जरा हिशोब करा. दहापर्यंतचे पाढे म्हणजे १०० गुणाकार ना? पण ३ × ७ आणि ७ × ३ एकच, हे पोराला चौकटीच्या कागदावर दाखवलं की उरतात ५५. त्यातून १, २, ५ आणि १० चे बाजूला काढा, ते पटकन येतात, उरले २१. त्यातले ९ चे दहाच्या पाढ्यातून निघतात, ७ × १० सत्तर, त्यातून एक सात कमी, त्रेसष्ट. ते काढले की उरतात फक्त १५. पंधरा! शंभराच्या डोंगराकडे बघून रडणाऱ्या पोराला हे सांगून बघा. आणि हे समजल्यामुळे सापडलं, घोकून नव्हे, पण पक्कं घोकूनच होणार. दोन्ही लागतं.

आणि रोज पाच-सात मिनिटं, रविवारी एकदम तासभर नाही. हे माझं मत नाही, हर्मन एबिंगहाउस म्हणून होता त्याने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, स्वतःच किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. विसरणं सुरुवातीला भराभर होतं, आणि थोडं थोडं अंतर ठेवून उजळणी केली की टिकतं. म्हणूनच आम्ही सत्राच्या सुरुवातीचे दोन आठवडे मागचंच घेतो, त्यावर पालक म्हणतात परत तेच 🙂

गणितात अजून दोन गोष्टी घरी तपासता येतील. एक, ८ + ४ = ▢ + ५ लिहून द्या. बरीच मुलं चौकटीत १२ लिहितात. कारण त्यांच्या मते बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा'. दोन्ही बाजू सारख्या हा अर्थ बसलेला नसतो, आणि हा बसला नाही तर पुढे बीजगणितात जो काही गोंधळ होतो तो विचारू नका. ७ लिहिलं तर शाबासकी द्या. दोन, पट्टीवर पेन्सिल ० पासून न ठेवता ३ पासून ८ पर्यंत ठेवा आणि लांबी विचारा. कोणी ८ म्हणेल, कोणी रेषा मोजून ६. पाच सेंटिमीटर म्हणणाऱ्याला मापन कळलं. म्हणजे 'मापन' हा धडा दुसरीतला आणि तिसरीतला वेगळा आहे हे तुमच्या लक्षात येईल, दुसरीत वीत आणि पाऊल, मग प्रत्येकाची वीत वेगळी म्हणून भांडणं, मग पट्टी, मग पट्टीवर अंतर मोजतात खुणा नाही हे.

आणि तीच पट्टी घेऊन पोरं प्रयोगवाल्यांच्या कुंडीपाशी जातात, रोप रोज मोजतात, त्याचा तक्ता, तक्त्याचा स्तंभालेख, मग भाषेच्या तासाला 'माझं रोप' म्हणून दहा ओळी. आता सांगा हे कुठल्या वहीत शोधणार तुम्ही? चार विषयांत विखुरलंय.

शब्दवेडी:

भाषेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी. मी वाचनात मागे पडलेल्या मुलांबरोबर काम करते.

'वाचन' हा शब्द दरवर्षी असतो पण पहिली-दुसरीतलं वाचन आणि तिसरी-चौथीतलं वाचन ही दोन वेगळी कामं आहेत. आधीचं काम अक्षरावरून आवाज काढायचं. आपल्या लिपीत ते बऱ्यापैकी सरळ आहे, पण खड्डे आहेतच, पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, आणि र तर चार वेश घेऊन येतो, सूर्य, क्रम, ट्रक, कैऱ्या. जोडाक्षरांवर अख्खं सत्र गेलं तर शिक्षिकेला बोल लावू नका.

नंतरचं काम म्हणजे न लिहिलेलं वाचायचं. एक वाक्य देते, 'त्याने दारातच छत्री झटकली आणि ओले बूट बाहेर काढून ठेवले.' विचारा, बाहेर काय चालू होतं? पाऊस हा शब्द वाक्यात नाहीये. घडाघडा मोठ्याने वाचणारी कितीतरी मुलं इथे परत वाक्यात बोट फिरवून शब्द शोधतात आणि सांगतात 'दिलेलं नाही'. आणि कधी कधी अडखळत वाचणारं मूल पटकन म्हणतं पाऊस. म्हणून नुसतं प्रकट वाचन ऐकून ठरवू नका. उतारा झाल्यावर एकच विचारा, 'हे त्याने का केलं असेल?' उत्तर चुकलं तरी चालेल पण 'कारण' म्हणून काहीतरी आलं पाहिजे.

लेखनात पण बघा. जुनी वही काढा, प्रत्येक वाक्य 'मग' ने सुरू होतं का? मग आम्ही गेलो मग आम्ही खेळलो मग आम्ही आलो. आणि आताच्या वहीत 'म्हणून', 'पण', 'तोपर्यंत', 'जरी' असं काही दिसायला लागलंय का? 'मग' फक्त पुढे काय झालं सांगतो, 'म्हणून' आला की कारण जोडता यायला लागलं. माझ्या मते एका सत्रातली ही सगळ्यात मोठी उडी असते आणि तिला कुठेच मार्क नसतात. आणि प्लीज त्या दहा ओळीतल्या सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका एकदम लाल करू नका, पुढच्या वेळी मूल फक्त ज्याचं स्पेलिंग येतं तेवढेच शब्द वापरतं. मग चुका शून्य आणि लिखाणही शून्य.

शेवटचा बाक:

माझ्या ऑफिसच्या मेल अजून 'मग' वरच आहेत.

नकाशा आणि 'काल आणि आज' राहिलं की. कोणीतरी सांगा, मला खरंच ऐकायचंय आता.

खडू-डस्टर:

सांगते. नकाशा म्हणजे वरून बघणं. मुलांना वर्गाचा नकाशा काढायला सांगितला की पहिल्यांदा टेबल वरून काढतात पण त्याचे चारही पाय बाहेर पसरलेले, मेलेल्या झुरळासारखे. कारण पाय आहेत हे त्यांना माहितीये, मग न काढून कसं चालेल! वरून पाय दिसत नाहीत म्हणजे टेबल नुसता चौकोन, हे पटायला दोन-तीन आठवडे जातात. मग खुणा आणि सूची, मग दिशा, मग प्रमाण. देशाचा नकाशा फार नंतर.

इतिहासात या वयात सनावळी नाही, काळाची लांबी समजणं हेच मोठं काम. पोरांच्या लेखी 'पूर्वी' म्हणजे एकच मोठी खोली, तिथे आजी, राजे आणि डायनासोर एकत्र राहतात. मी दोरी घेते, १ सेंटिमीटर म्हणजे १० वर्षं. त्यांचं स्वतःचं आयुष्य एक सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, आजी सहा-सात सेंटिमीटर, गीझाचे पिरॅमिड साधारण साडेचार हजार वर्षांचे म्हणजे साडेचार मीटर, वर्गाच्या त्या टोकापर्यंत. आणि डायनासोर? ते संपून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं झाली, त्याला दोरी लागेल ६६ किलोमीटर. एकदा फळ्यावर हा हिशोब केला की आजीची डायनासोरपासून सुटका.

चित्रकला-खेळ याबद्दल थोडक्यात, कारण तिथेही 'आनंददायी उपक्रम' च्या खाली बरंच असतं. जुन्या चित्रात आकाश म्हणजे कागदाच्या वरच्या कडेला निळी पट्टी, खाली हिरवी पट्टी आणि मधे पांढरं पोकळ. एक दिवस आकाश खाली येऊन जमिनीला टेकतं. ते कोणी शिकवून नाही, बघायला लावून होतं. आणि चेंडू झेलताना आधी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळतात, मग नुसत्या तळव्यांत, मग पळत जाऊन. पीटीचे सर तेच बघत असतात, आपल्याला वाटतं ते शिट्टी वाजवत उभे आहेत.

जुनं खोड:

ते पंधराचं गणित मी नातवाला दाखवलं. कागदावर शंभर घरं काढली आणि एकेक खोडत गेलो. शेवटी तो म्हणाला एवढेच? मग पंधरापैकी नऊ त्याला आधीच येत होते. एवढं बरोबर आहे तुमचं बाई. काड्यांचं अजून पटलेलं नाही.

तिसरीवालीची आई:

दोन दिवस झाले, आता रिपोर्ट देते.

६१ − २७ दिलं. ४६!!! मी ओरडणार होते पण हसूच आलं. काड्या दिल्या, सहा गठ्ठे आणि एक सुट्टी, म्हटलं सत्तावीस दे. तिने दोन गठ्ठे दिले, सुट्टी एक दिली, आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. मी तोंडावर हात ठेवून. मग म्हणाली 'गठ्ठा फोडला तर चालतो का?' चालतो म्हटलं. ३४ आले. त्यानंतर तिने स्वतःहून वहीतली ५२ − ३८ काढली आणि खोडली. दुसऱ्या दिवशी कागदावर दिली तेव्हा पाचपैकी तीन बरोबर, दोनात परत २६ टाइप. म्हणजे जुना नियम अजून जिवंत आहे.

८ + ४ ला १२ लिहिलं. पट्टीला ८ सांगितलं. छत्रीला मात्र लगेच पाऊस म्हणाली आणि वर 'बूट आईने ओरडू नये म्हणून बाहेर ठेवले' असंही सांगितलं, जे वाक्यात अजिबात नाहीये 🙄

घराचा नकाशा काढायला सांगितला. पलंग बरोबर वरून आहे, दार मात्र आडवं झोपलंय, आणि मी आणि तिचे बाबा वरून म्हणजे नुसते दोन गोल, केस काढलेत. बाबांच्या गोलाला केस कमी. नवऱ्याने ते पान स्वतः कपाटाला लावलंय आणि पाढ्यांबद्दल काही बोलला नाही अजून.

आणि हो 'आज काय शिकलीस' बंद केलं. त्याऐवजी विचारलं, आज वर्गात कोणाचं उत्तर चुकलं आणि काय म्हणाला तो? वीस मिनिटं बोलत होती. चांदणी आणि ग्रह यावरून कोणाचं तरी भांडण झालंय, सगळं कळलं मला.

शेवटचा एक प्रश्न @खडू-डस्टर, ती आता म्हणते मला १०० − ३७ दे. देऊ का? की घाई होईल?

खडू-डस्टर:

तिने मागितलंय तर द्या, पण कागदावर नको, काड्यांनीच. शंभराचा एक मोठा गठ्ठा बांधा, आत दहा-दहाचे दहा. ती सुट्ट्या मागायला जाईल आणि दशकाच्या घरात पण शून्य. म्हणजे आधी मोठा गठ्ठा सोडायचा, मग त्यातला एक छोटा. दोनदा. ९ गठ्ठे आणि १० सुट्ट्या समोर आल्या की थांबा, पुढचं तिचं ती करेल. कागदावर हे येईपर्यंत अजून महिनाभर जाईल, आणि त्या दोन चुकलेल्या आहेत ना, त्या आधी परत काड्यांवर घ्या.